नारळावरची कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय यजमानपद

(बीड येथे क्रीडाशिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले दोन प्रश्न दिले आहेत.)



संयोजकांनी आजचा विषय दिला आहे, ‘युवा खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि यजमानपद’. एरवी हा विषय पुण्या-मुंबईच्या सभागृहांत चर्चेला येतो. तिथं बोलणं होतं ते स्टेडियमच्या आसनक्षमतेवर, विमानतळावर, हॉटेलांच्या खोल्यांवर. बीडमध्ये बोलायचं तर यातलं काही आपल्या हाताशी नाही. मग आपण कशावर बोलायचं? आमचं म्हणणं असं की यजमानपद चांगलं झालं की नाही हे ज्या शहरात स्पर्धा भरली तिथं उभं राहून कळत नाही. तिथून दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या तालुक्यात उभं राहिलं की कळतं. म्हणून हा विषय बीडला बोलला गेला पाहिजे.

आत्ताच का बोलायचं, तेही सांगतो. ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत झालं. त्या व्यासपीठावरून पंतप्रधानांनी 2036 च्या ऑलिंपिकची आणि त्याआधी युवा ऑलिंपिक भरवण्याचीही इच्छा बोलून दाखवली. पुढं 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धेचं यजमानपद अहमदाबादला मिळालं. म्हणजे येत्या दहा-बारा वर्षांत मोठ्या स्पर्धांचे मांडव आपल्या देशात पडणार, आणि त्यात युवा खेळाडूंच्या स्पर्धाही असू शकतील. आज या सभागृहात जे सातवी-आठवीत आहेत, त्यांच्या लहान भावंडांचं हे वय आहे. त्यामुळं ही चर्चा त्यांच्या घरातली आहे.

आणि महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. आपण एकदा यजमान होऊन गेलेलो आहोत.

पुण्यात काय झालं

12 ते 18 ऑक्टोबर 2008 या दिवसांत पुण्यात तिसऱ्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. सत्तरहून अधिक देश, हजाराहून जास्त खेळाडू, नऊ खेळ: ॲथलेटिक्स, बॅडमिंटन, बॉक्सिंग, नेमबाजी, जलतरण, टेबल टेनिस, टेनिस, वेटलिफ्टिंग आणि कुस्ती. ‘जिगर’ नावाचा वाघ हे बोधचिन्ह होतं. मुख्य ठिकाण होतं बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. हे संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. ते दुरुस्त करून, वाढवून वापरलं. संयोजन समितीचे प्रमुख होते सुरेश कलमाडी. ते पुण्याचे खासदार आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्षही होते.

स्पर्धा वाईट झाली असं कुणी म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. बाणेर-बालेवाडीकडचे रस्ते रुंद झाले. भारत 33 सुवर्णपदकं घेऊन पदकतक्त्यात पहिला आला. बालेवाडी त्यानंतर ओस पडली असंही नाही. 2019 च्या जानेवारीत तिथं खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या, महाराष्ट्रानं 85 सुवर्णपदकं जिंकून पहिला क्रमांक घेतला. आंतरराष्ट्रीय टेनिसही तिथं काही वर्षं खेळलं गेलं. दोन वर्षांनी दिल्लीत जो गोंधळ झाला, त्याच्या मानानं पुणे नीटच झालं म्हणायचं.

मग टीका कशाची? टीका मोजमापाची. पुण्याची स्पर्धा संपल्यावर दोनच प्रश्न विचारले गेले. पहिला, पदकं किती? दुसरा, 2010 च्या दिल्लीच्या स्पर्धेची रंगीत तालीम नीट झाली का? या दोन्ही प्रश्नांत तरुण खेळाडू कुठंच नाही. पहिल्यात देशाची शान आहे, दुसऱ्यात संयोजकांची तयारी आहे. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी म्हणून जी स्पर्धा भरवली, तिचा हिशेब मोठ्यांच्या दोन प्रश्नांवर मिटवला गेला.

पदकांचंच बघा. बॅडमिंटनमध्ये मुलींचं सुवर्ण सायना नेहवालनं घेतलं. तिचं कौतुक आहेच. पण सायना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळून आली होती. ऑलिंपिक खेळून आलेली मुलगी दोन महिन्यांनी युवा स्पर्धेत जिंकली, यातून यजमानपदानं खेळाडू घडवला असं सिद्ध होत नाही. तयार पीक खळ्यावर आणून मापलं, एवढंच त्याचं माप. पेरणी कुठं झाली, किती रानात झाली, हे पदकतक्त्यात दिसत नाही.

पाटोद्याचा राहुल, आष्टीचा अविनाश

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. 2008 च्या ऑक्टोबरात बीड जिल्ह्यातली दोन पोरं मनासमोर आणा.

पहिला, राहुल आवारे, पाटोद्याचा. वय सोळा, सतरावं लागायला काही दिवस कमी. वडील बाळासाहेब आवारे स्वतः पैलवान. राहुलनं पुण्याच्या या युवा स्पर्धेत कुस्तीचं सुवर्णपदक जिंकलं. बीड जिल्ह्याच्या पोरानं यजमान महाराष्ट्राच्या मातीत जिंकलेलं ते सुवर्ण. पुढं 2018 ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात त्यानं सुवर्ण घेतलं, 2019 ला जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य घेतलं, 2020 चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला आणि पोलिस खात्यात उपअधीक्षक म्हणून तो रुजू झाला.

दुसरा, अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शेतकऱ्याचं पोर. 2008 च्या सप्टेंबरात त्याला चौदा वर्षं पूर्ण झाली होती. म्हणजे युवा स्पर्धांचं वय नेमकं सुरू होत होतं. शाळा लांब, जाणं-येणं पायी नाहीतर पळत, ही त्याची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला, सिक्कीमला गेला. स्पर्धात्मक धावण्याकडे तो खऱ्या अर्थानं वळला 2015 मध्ये, सैन्यातल्या क्रॉसकंट्रीतून. तेव्हा तो विशीत होता. पुढं 3000 मीटर स्टीपलचेस. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाकडे जात होती, ती रांग मांडव्याच्या पोरानं मोडली. 2023 ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय.

स्टीपलचेसमध्ये सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारावी लागते. आष्टीसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या पोरानं पाण्याची शर्यत निवडली, यावर विनोद करायचा तर करता येतो. (हशा.) पण आमचा मुद्दा गंभीर आहे. चौदा ते अठरा या वयात अविनाश कुठल्याही आंतरराष्ट्रीय युवा मैदानावर नव्हता. पुण्यात ज्या वयाच्या पोरांसाठी मांडव पडला होता, त्याच वयाचा हा पोरगा नगरमार्गे एका दिवसाच्या अंतरावर होता. त्याला पुढं आणलं सैन्यानं. सैन्यभरतीत तो नापास झाला असता तर? उंची, छाती, डोळे, काहीही निमित्त होऊ शकतं. भरतीत नापास होऊन परत आलेली किती पोरं आपल्या गावात पारावर बसलेली असतात, हे इथं सांगायला नको.

आणि राहुलचं काय? त्याचं सुवर्ण पुण्याच्या यजमानपदाच्या खात्यावर जमा करता येईल का? आमच्या मते नाही. राहुल स्पर्धेमुळं पुण्याला गेला नव्हता. तो आधीच तिथं होता, गोकुळ वस्ताद तालमीत, हरिश्चंद्र बिराजदार मामांच्या हाताखाली. बिराजदार मामा लातूर जिल्ह्यातले. त्यांच्यानंतर राहुलला घडवलं काका पवारांनी, तेही लातूरचेच. म्हणजे मराठवाड्याच्या वस्तादांनी पुण्यात जाऊन तालीम धरली आणि मराठवाड्याची पोरं तिथं ओढून घेतली. ही साखळी सरकारच्या किंवा संयोजन समितीच्या कुठल्या आराखड्यात नव्हती, तरी तिनं काम केलं. का केलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

जत्रेतलं यजमानपद

आपल्याकडे गावोगावी जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला आहे, काहींनी त्यात माती अंगाला लावली आहे. तो कसा चालतो बघा. पंचमंडळी वर्गणी गोळा करतात. हलगी लागते. मोठी, निकाली कुस्ती सगळ्यात शेवटी असते, ती बघायला दहा गावचे लोक येतात, बाहेरचे नामवंत पैलवान येतात. पण फड सुरू कशानं होतो? बारक्या पोरांच्या कुस्तीनं. नारळावर नाहीतर रेवड्यांवर. आठ-दहा वर्षांची पोरं, लंगोट नीट बसलेला नाही, पंच दोघांचे हात धरून जोड लावतो, लोक हसतात, टाळ्या वाजवतात, जिंकणाऱ्याच्या हातात नारळ देतात. त्यात एखादं पोर चमकलं की म्हातारा पैलवान बापाला बोलावून सांगतो, याला खुराक चालू कर. पुढच्या जत्रेत ते पोर पन्नास रुपयांच्या कुस्तीवर चढतं, मग शंभराच्या, मग हजाराच्या. आणि एक दिवस कुणीतरी त्याला तालमीत नेऊन सोडतो.

हेही यजमानपदच आहे. गाव यजमान, बाहेरचे पाहुणे पैलवान, खर्च वर्गणीचा. पण त्यात एक शिस्त आहे: यजमान गावची पोरं आधी आखाड्यात उतरतात आणि पाहुण्यांची मोठी कुस्ती नंतर. नुसती मोठी कुस्ती ठेवली आणि गावच्या पोरांना कडेला बसवलं तर त्या फडाला लोक तमाशा म्हणतील, फड म्हणणार नाहीत.

या परंपरेचे दोष आम्ही झाकत नाही. तिच्यात मुलींना जागा नव्हती, आत्ता कुठं होऊ लागली आहे. तिथं डॉक्टर नसतो, वयाचा दाखला नसतो. पण पायरी होती. नारळापासून निकाली कुस्तीपर्यंत प्रत्येक इयत्तेला जागा होती, आणि पहिली पायरी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. राहुल आवारे त्या जिन्यानं चढला. क्रिकेटमध्येही असा जिना आहे. आपल्या बीडचा सचिन धस 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 96 धावा करतो, कारण वयोगटांच्या जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या तिथं लागलेल्या आहेत आणि त्यांच्यामागं पैसा आहे. धावणाऱ्या, पोहणाऱ्या, भाला फेकणाऱ्या पोराला हा जिना कुठं आहे?

पुण्याच्या यजमानपदानं शेवटची मोठी कुस्ती लावली. बीडमध्ये, परभणीत, हिंगोलीत नारळावरची कुस्ती लावली नाही. आमची टीका एवढ्या एका वाक्याची आहे. बाकीचं बोलणं हे या वाक्याचं स्पष्टीकरण.

दसरा, कोयता आणि क्रीडा वेळापत्रक

2008 सालचा दसरा 9 ऑक्टोबरला होता. तिसऱ्या दिवशी, 12 तारखेला बालेवाडीत उद्घाटन झालं. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यात काय सुरू होतं, हे मुकादमाला विचारायची गरज नाही. उचल घेतलेली असते, बैलगाड्या-ट्रॅक्टर भरले जातात, टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. धारूर, वडवणी, शिरूर, पाटोदा, आष्टी, केज इथल्या वाड्या-तांड्यांवर मागं म्हातारी माणसं आणि काही पोरं उरतात. म्हणजे ज्या आठवड्यात जगभरची पोरं विमानानं पुण्याला येत होती, त्याच सुमारास बीडची पोरं आईबापाबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून उसाच्या फडाकडे जात होती. यात संयोजकांचं कारस्थान नव्हतं. ही पोरं त्यांच्या नजरेच्या टप्प्यात कधी आलीच नव्हती.

ही गोष्ट 2008 पुरती नाही. आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक आठवा. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट. पावसाळ्यात तालुक्यापासून सुरुवात, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. वरच्या पायऱ्यांवर पोचेपर्यंत दसरा-दिवाळी येते. तालुक्याला 1500 मीटरमध्ये पहिली आलेली मुलगी विभागाच्या स्पर्धेच्या वेळी कोपीवर असते, धाकट्या भावाला सांभाळत. क्रीडाशिक्षक तिचं नाव हजेरीतून कमी करतात आणि दुसरी आलेल्या मुलीला घेऊन जातात. निवड समितीच्या कागदावर सगळं बरोबर असतं. वेगवान पोर गळालं, याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

पळण्याच्या आणि ताकदीच्या खेळांसाठी देशात पोरं हुडकायची तर कष्टाची सवय असलेल्या या घरांत हुडकावीत, हे कुणीही सांगेल. आणि नेमकं याच घरांचं वर्ष क्रीडा खात्याच्या वर्षाशी जुळत नाही. हे जुळवायला परदेशी सल्लागार नको, कोटीची निविदा नको. ऊसतोड भागातल्या तालुक्यांच्या निवड चाचण्या टोळ्या निघण्याआधी उरकणं, आणि हंगामी वसतिगृहांत मागं राहिलेल्या पोरांना संध्याकाळी तासभर मैदान आणि मार्गदर्शक देणं, एवढंच करायचं आहे. वसतिगृहांची योजना आहे, पोरं आहेत, मैदानं बहुतेक शाळांना थोडीफार आहेत. जोडणारा हात नाही.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत शाळेला क्रीडांगण धरलं आहे. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असंही त्यात आहे. जिल्हा परिषदेच्या किती शाळांत असा माणूस वर्षभर टिकतो, हे समोर बसलेल्या शिक्षकांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मुलींचं वय

एक मुद्दा स्वतंत्रपणे सांगायलाच हवा. राष्ट्रकुल युवा स्पर्धांचं वय चौदा ते अठरा. हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलींच्या आयुष्यातलं कुठलं वय आहे? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलांमागं मुलींचं प्रमाण हजारी 807 होतं, राज्यात सगळ्यात कमी. जग ज्या वयाला ‘युवा खेळाडू’ म्हणतं, त्या वयाला आपल्याकडे ‘स्थळ बघा’ म्हणतात.

म्हणून बीडमध्ये मुलींच्या खेळावर खर्च केलेला रुपया हा फक्त क्रीडा खात्याचा रुपया राहत नाही. विभागाच्या स्पर्धेला निवड झालेल्या मुलीचं लग्न बाप वर्षभर पुढं ढकलतो, हे गावागावांतल्या शिक्षिका सांगतात. एक वर्ष पुढं ढकललं की दहावी होते. आणखी एक वर्ष मिळालं की बारावीकडे पावलं पडतात. आंतरराष्ट्रीय पदक येवो न येवो, तेवढ्यासाठी का होईना, पहिली पायरी तालुक्यात असायला हवी. 2018 च्या ब्युनोस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये मुलगे आणि मुली समान संख्येनं खेळले. उद्या भारत यजमान होईल तेव्हा वरच्या पायरीवर अशी समानता कागदावर दिसेलच. ती खालच्या पायरीवर आणायची तर कुणाला आणायची? मुली आष्टीतल्या, केजमधल्या आहेत.

जगानं काय केलं

युवा स्पर्धा मोठ्या शहरातच व्हाव्यात असा नियम नाही. पुण्याच्या आधीच्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा 2004 ला ऑस्ट्रेलियात झाल्या. दोन वर्षांनी मेलबर्नला मोठी राष्ट्रकुल स्पर्धा होणार होती, म्हणजे आपल्यासारखीच परिस्थिती. पण युवा स्पर्धा त्यांनी मेलबर्नला न देता त्याच राज्यातल्या बेंडिगो या गावाला दिली, जे तेव्हा बीड शहराहूनही लहान होतं. पुण्यानंतर 2011 ला आइल ऑफ मॅन या बेटावर झाल्या. साऱ्या बेटाची लोकसंख्या लाखाच्या आत. 2015 ला सामोआच्या अपिया शहरात. युवा स्पर्धांचा आकार लहान असतो, आणि तो लहान ठेवला तर लहान गावालाही पेलतो.

उलट उदाहरणही आहे. पहिलं युवा ऑलिंपिक 2010 ला सिंगापूरला झालं. सुरुवातीचा अंदाज सुमारे 10 कोटी 40 लाख सिंगापूर डॉलरचा, प्रत्यक्ष खर्च गेला 38 कोटी 70 लाखांवर. सिंगापूरसारख्या काटेकोर राज्याचं हे झालं. आपलं काय होईल याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

उद्या बीडमध्ये युवा ऑलिंपिक भरवा, असं आम्ही म्हणत नाही. ज्या शहराला रेल्वे यायला सप्टेंबर 2025 उजाडला, तिथं अशी मागणी म्हणजे टाळ्यांसाठी केलेलं भाषण होईल. पण नऊ खेळांपैकी कुस्तीची एखादी फेरी लातूरला, तिरंदाजी किंवा क्रॉसकंट्री मराठवाड्यातल्या एखाद्या शहरात, असा विचारसुद्धा का होत नाही? आपल्याकडे उलटी सवय आहे. क्रीडा विद्यापीठ औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला होणार म्हणून जाहीर झालं होतं. तेसुद्धा शेवटी बालेवाडीला गेलं. कारण सांगितलं जातं की तिथं सोयी आधीच आहेत. जिथं आहे तिथंच आणखी द्यायचं, आणि जिथं नाही त्यांना ‘तुमच्याकडे सोयी नाहीत’ म्हणून नाकारायचं, हे चक्र 1994 पासून फिरतं आहे.

हिशेब कसा मागायचा

यजमान हा शब्द मूळचा पूजेतला. पाटावर बसतो तो यजमान. मंत्र गुरुजी म्हणतात, पण संकल्प यजमानाच्या नावानं होतो, कारण दक्षिणा त्याच्या खिशातून जाते. मोठ्या स्पर्धांत दक्षिणा सरकारी तिजोरीतून जाते, आणि तिजोरीत आगपेटीवर कर भरणारी ऊसतोड बाईही भर घालते. म्हणून पाटावर आपणही बसलेलो आहोत. संकल्प कुणाच्या नावानं सोडला जातो आहे, हे विचारायचा आपल्याला पुरता अधिकार आहे.

पुढच्या वेळी कुणी आंतरराष्ट्रीय यजमानपदाची घोषणा करेल, तेव्हा आम्ही सुचवतो, तीन गोष्टी विचारा. एक, स्पर्धेच्या खर्चातला किती हिस्सा स्पर्धेच्या शहराबाहेर, तालुक्यांच्या मैदानांवर आणि मार्गदर्शकांवर जाणार, आणि तो स्पर्धेच्या आधी जाणार की नंतर? नंतर म्हटलं की कधीच नाही, असं समजा. दोन, स्पर्धेआधीच्या चार वर्षांत प्रत्येक जिल्ह्यातून किती मुलं आणि किती मुली चाचणीला उतरल्या, हा आकडा जाहीर होणार का? पदकतक्त्याशेजारी हा तक्ता छापा. तीन, स्पर्धेनंतर मैदानाची किल्ली कुणाकडे राहणार? आपल्या जिल्ह्यांतली क्रीडा संकुलं बघा. कुलूप, पावसाळ्यात गवत, लग्नसराईत मांडव. बांधकामाची कोनशिला असते, देखभालीची नसते.

या तीन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर यजमानपद जरूर घ्यावं, आम्ही टाळ्या वाजवायला येऊ. एवढं बोलून थांबतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न (एक माध्यमिक शिक्षक): सर, तुम्ही पुण्याच्या स्पर्धेला फार कमी श्रेय देता, असं वाटतं. टीव्हीवर, पेपरात ती स्पर्धा पाहून आमच्या शाळेतली पोरं त्या वर्षी पळायला लागली होती. प्रेरणा ही गोष्ट तुम्ही धरतच नाही का?*

धरतो. तुमचं निरीक्षण खरं आहे, आणि यजमानपदाच्या बाजूनं बोलायचं तर हाच सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. पोरं पळायला लागली. किती दिवस पळाली? (शिक्षक: दिवाळीपर्यंत.) हे उत्तर आमच्यापेक्षा तुम्हीच चांगलं दिलं. प्रेरणा आगपेटीच्या काडीसारखी असते, सरपण नसेल तर बोटाला चटका देऊन विझते. त्या पोरांना दिवाळीनंतर तुमच्याशिवाय कोण विचारायला आलं? तालुक्याला एक शर्यत असती, जिंकणाऱ्याला वर्षभर रोज दोन अंडी आणि एसटीचा पास असता, तर त्यातली दोन-चार पोरं होळीपर्यंतही पळाली असती. स्पर्धेनं काडी ओढली, हे श्रेय आम्ही देतो. सरपण गोळा करणं हेही यजमानाचंच काम होतं.

*प्रश्न (अकरावीतील विद्यार्थिनी): मी 800 मीटर पळते. या सगळ्याला दहा वर्षं लागतील. तोपर्यंत मी काय करू?*

बाळ, तुझा प्रश्न आजच्या भाषणापेक्षा मोठा आहे आणि याचं गोड उत्तर आमच्याकडे नाही. दोन कामं सांगतो, पैकी एक तुझं आणि एक आमचं. तुझं काम: पळणं थांबवू नकोस, आणि तुझी प्रत्येक वेळ वहीत तारखेनिशी लिहून ठेव, सरांची सही घे. निवड चाचणीत लेखी नोंद असलेल्या मुलीला डावलणं अवघड जातं. आमचं, म्हणजे इथं बसलेल्या मोठ्या माणसांचं काम: येत्या ग्रामसभेत आपल्या शाळेच्या मैदानाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते विचारायचं, त्यावर अतिक्रमण असेल तर ठराव घालायचा, आणि मैदानाभोवती चुन्याची 200 मीटरची धावपट्टी आखून घ्यायची. याला ना दिल्ली लागते, ना पुणे. ती धावपट्टी आखली गेली की पहिली शर्यत लावा, पहिल्या आलेल्या मुलीला नारळ द्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन खुराकाचं विचारा.